सीमेलगतची गावं आणि तस्करीची रोजंदारी

युरियाची ४५ किलोची गोणी भारतातल्या शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो. मधली रक्कम सरकार अनुदान म्हणून सोसतं. बिहार किंवा उत्तर प्रदेशातून नेपाळकडे जायला कुंपण नाही. १९५० च्या करारामुळे दोन्हीकडच्या माणसांना व्हिसाही लागत नाही. भातलावणीच्या दिवसांत नेपाळात खत कमी पडतं, भाव चढतो, आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलेली एक गोणी बांध ओलांडून पलीकडे जाते. ती नेणाऱ्याजवळ ना हत्यार असतं, ना त्याच्यामागे मोठी टोळी असते. त्या रात्रीपुरती त्याला मजुरी सुटते. मात्र ज्या गावातून गोणी गेली, त्याच गावचा शेतकरी आठवड्याभराने खताच्या दुकानासमोर पहाटेपासून रांगेत उभा राहतो आणि हात हलवत परततो.

सीमेवरच्या गावांचं तस्करीने काय होतं, हे समजून घ्यायला ही गोणी पुरेशी आहे. फायदा एकाच्या हाती पडतो आणि तो लगेच दिसतो. तोटा सगळ्या गावात वाटला जातो आणि उशिरा दिसतो. म्हणूनच गावाला त्याविरुद्ध बोलणं अवघड जातं.

भावातली दरी कुठून येते

रेषेच्या दोन बाजूंना एकाच वस्तूचे दोन भाव असले की तस्करी सुरू होते. हा फरक पडण्याची कारणं मुख्यतः तीन. पहिलं म्हणजे अनुदान, युरियासारखं. दुसरं कर. जुलै २०२२ मध्ये भारताने सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्के केलं. एक किलो सोनं ५० लाखांचं धरलं तर एका किलोमागे साडेसात लाख रुपये चुकवता येत होते. जुलै २०२४ मध्ये शुल्क ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा त्याच हिशेबाने हा फायदा तीन लाखांवर आला. पण २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला, म्हणजे किलो एक कोटीच्या वर गेला. त्याचे ६ टक्के पुन्हा सहा लाख. शुल्काचा दर कमी होऊनही दरी फारशी भरून निघाली नाही, ती यामुळे.

तिसरं कारण बंदी. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध भारतात डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकलं जातं. बांगलादेशात ते बंद आहे आणि नशेसाठी त्याला मोठी मागणी आहे. गाईंच्या निर्यातीला भारतात बंदी आहे आणि पलीकडे मांसाला गिऱ्हाईक आहे. हेरॉइनला दोन्हीकडे बंदी आहे. तिथे बंदीमुळे वाढलेली जोखीमच भावात उतरते.

या तीन प्रकारांचा गावावर होणारा परिणाम सारखा नसतो, आणि हा फरक करायला आपण फार कमी पडतो. साखर, खत किंवा साड्या पलीकडे नेणारं गाव आणि हेरॉइनची वाट झालेलं गाव यांना एकाच मापाने मोजलं, तर उपायही चुकतात. पहिल्या गावात कर बुडतो आणि टंचाई येते. दुसऱ्यात घरंच्या घरं संपतात.

पैसा कुणाकडे जातो

एका खेपेत चार-पाच थर असतात. मालाचा मालक शहरात असतो आणि सीमेकडे सहसा फिरकत नाही. त्याच्याखाली साठा करणारा, ज्याचं गोदाम किंवा गोठा सीमेपासून काही किलोमीटर आत असतो. मग वाट मोकळी आहे की नाही हे पाहणारा. पश्चिम बंगालच्या सीमेवर त्याला ‘लाइनमन’ म्हणतात. आणि शेवटी ओझं वाहणारा. गुरं हाकणाऱ्याला तिकडे ‘राखाल’ म्हणतात, आपल्याकडच्या गुराख्यासारखाच शब्द.

मालक पैसा लावतो, पण एक खेप बुडाली तर दुसरीत भरून काढतो. त्याची जोखीम दहा खेपांवर पसरलेली असते. वाहकाची सगळी जोखीम त्याच्या एकट्या अंगावर, त्या एका रात्री असते. गोळी त्याला लागते, नदीत तो बुडतो, अटक त्याला होते. आणि मजुरी सर्वांत कमी त्यालाच मिळते, कारण तो बदलता येतो. गावात काम नसलेली आणखी वीस पोरं उभी असतात. माल जप्त झाला तर पुष्कळदा त्याची किंमत वाहकाच्या नावावर कर्ज म्हणून मांडली जाते. एक खेप बुडालेला पोरगा ती फेडण्यासाठी पुढच्या दहा खेपा करतो. बाहेरच्यांना तो सराईत वाटतो. प्रत्यक्षात तो वेठीला लागलेला असतो.

वाहक मिळतात कुठून, हे पाहायचं तर मुर्शिदाबादसारख्या जिल्ह्यात जावं. जलंगीच्या बाजूला पद्मा नदी वर्षानुवर्षं काठ खात आली आहे. शेत नदीत गेलं तरी सातबाऱ्यासारखा कागद हातात राहतो, फक्त त्या कागदाखाली जमीन नसते. अशा घरातल्या माणसासमोर दोन वाटा उरतात, केरळ-मुंबईकडे बांधकामावर जाणं किंवा रात्री चार तास ओझं वाहणं.

शेती आधी बदलते

भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची. १९७५ साली दोन्ही देशांच्या सीमा अधिकाऱ्यांसाठी ठरलेल्या नियमांनुसार शून्य रेषेपासून (प्रत्यक्ष सीमारेषेपासून) १५० यार्डांच्या, म्हणजे साधारण १३७ मीटरच्या आत संरक्षणाचं बांधकाम करता येत नाही. म्हणून भारताने कुंपण आत सरकवून घातलं. वळणावळणाच्या नदीकाठी ते सरळ न्यायचं म्हणून काही जागी आणखी आत आलं. परिणामी हजारो शेतकऱ्यांची जमीन, आणि काही ठिकाणी घरंही, कुंपणाच्या पलीकडे पण भारतातच राहिली. पंजाबात पाकिस्तानच्या सीमेवर अशी वीस हजार एकरांहून अधिक शेती आहे.

तिथल्या शेतकऱ्याचा दिवस फाटकाच्या वेळेवर चालतो. ओळखपत्र जमा करायचं, नोंद करायची, अवजारं दाखवायची आणि ठरलेल्या वेळी परत यायचं. पंप बंद पडला म्हणून रात्री शेतात जाता येत नाही. धान कापणीला आलं आणि मजूर उशिरा पोचले तर तो दिवस वाया जातो. उंच वाढणाऱ्या पिकांना मज्जाव असतो, कारण ताग किंवा उसाच्या आड माणूस दिसत नाही. बंगालच्या शेतकऱ्याला ताग म्हणजे नगदी पैसा. तो सोडून कमी उत्पन्नाचं बुटकं पीक घ्यावं लागतं. पंजाबात यासाठी एकरी वर्षाला १०,००० रुपये भरपाई ठरली, पण ती वेळेवर मिळत नाही म्हणून शेतकऱ्यांना वारंवार दाद मागावी लागली.

यात गुरांची तस्करी भर घालते. रात्री पन्नास जनावरांचा कळप शेतातून हाकत नेला की सकाळी मोहरीचं किंवा भाताचं पीक लोळलेलं असतं. तक्रार करायची तर हाकणारे शेजारच्याच वस्तीतले, नावं माहीत असलेले. मग गावातल्याच गोठ्यातली जनावरं चोरीला जायला लागतात. पलीकडे गिऱ्हाईक तयार असलं की दावणीची गायही ‘माल’ होते. जनावर राखायला माणूस रात्रभर जागतो आणि दुसऱ्या दिवशी शेतात अर्धाच उभा राहतो.

मजुरीचंही गणित बिघडतं. एका रात्रीत शेतातल्या तीन-चार दिवसांची मजुरी मिळत असेल, तर खुरपणीला माणूस येत नाही. ज्याची शेती आहे पण तस्करीत हात नाही, तो सर्वांत आधी मोडतो. त्याची जमीन विकायला निघते, आणि रोख पैसा ज्याच्याकडे आहे तोच ती घेतो. दहा-पंधरा वर्षांत गावची जमीन कुणाच्या हाती गेली हे तलाठ्याच्या कागदांत स्पष्ट दिसावं, पण पुष्कळ खरेदी नातेवाइकांच्या नावाने झालेली असते.

घर, लग्न, शाळा

सीमेच्या गावात मुलगी द्यायला लोक बिचकतात. कुंपणापलीकडच्या वस्तीत पाहुण्याला जायचं तर फाटकावर नाव सांगावं लागतं, संध्याकाळनंतर आत-बाहेर करता येत नाही. बाळंतपणाला रात्री गाडी लागली तर आधी फाटक उघडावं लागतं. त्यात ‘ते गाव दोन नंबरचं’ असा शिक्का बसला की, ज्या घराने कधी खेप उचलली नाही त्यांचीही लग्नं अडतात. हुंडा वाढवून मागितला जातो. बदनामीची ही किंमत मुली मोजतात, आणि ती कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

शाळा सुटण्याची रीत ठरलेली आहे. आधी पोरगा फक्त नजर ठेवतो. झाडावर किंवा बांधावर बसून गस्त आली की मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचा. यात काही उचलायचं नसतं, म्हणून घरच्यांनाही धोका वाटत नाही. मग रात्रीच्या जागरणामुळे सकाळचे तास बुडतात. आठवी-नववीत तो मागे पडतो, आणि एकदा हातात मोबाइल आणि मोटरसायकल आली की मास्तरांच्या पगाराची त्याला कीव वाटायला लागते. वर्गातल्या बाकीच्यांवर याचा परिणाम आणखी खोल होतो. शिकून काय होणार, याचं उत्तर त्यांना रस्त्यावरच दिसत असतं.

बायकांचा उपयोग वेगळा होतो. अंगझडती घ्यायला महिला जवान लागते आणि ती प्रत्येक ठिकाणी नसते. सीमा सुरक्षा दलात महिलांची पहिली तुकडी २००९ मध्ये सीमेवर आली. त्याआधी तर ही अडचण फारच मोठी होती. म्हणून कपडे, बाटल्या किंवा सोन्याचे तुकडे बायकांच्या अंगावरून जातात. नवरा तुरुंगात गेला की कर्जाचा हप्ता फेडायला अनेकदा त्याची बायकोच खेप उचलते. वकिलाच्या फीसाठी आधी दागिना जातो, मग बकऱ्या, मग जमीन गहाण पडते.

मालाचा काही भाग गावातच उतरतो

नशेच्या मालाची वाट ज्या गावातून जाते तिथे तो थोडा थोडा सांडतोच. याला साधं कारण आहे. वाहकाला रोख देण्याऐवजी मालातला वाटा दिला की वरच्याला स्वस्त पडतं. वाहक तो विकतो, विकण्यासाठी गावात गिऱ्हाईक तयार करतो, आणि बहुतेक वेळा आधी स्वतःच ओढायला लागतो. मणिपूरमध्ये म्यानमारकडून येणाऱ्या हेरॉइनच्या वाटेवर हे फार भयंकर रीतीने घडलं. १९९० च्या सुमारास सुई वाटून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही काही महिन्यांत पसरला आणि पुढे त्यांच्या बायकांपर्यंत पोचला. मिझोराममध्ये आज प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वाधिक, अडीच टक्क्यांच्या वर आहे. देशाची सरासरी ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. आता तिथला प्रसार केवळ सुईमुळे होत नाही, पण सुरुवातीच्या साखळीत सुई होती.

इथे एक चूक वारंवार होते. नशेत अडकलेल्या पोराला पोलिसांच्या ताब्यात दिलं की प्रश्न मिटला असं गाव मानतं. अफूजन्य पदार्थांची सवय अचानक तुटली की शरीर काही दिवस तडफडतं, आणि सुटून आल्यावर जुन्याच प्रमाणात सुई घेतली तर जीव जातो, कारण मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बुप्रेनॉर्फिनसारख्या औषधावर देखरेखीखाली ठेवण्याची सोय सरकारी केंद्रांत आहे. गावापासून ते केंद्र लांब असणं, आणि औषध रोज घ्यायला जावं लागणं, यावर गाडं अडतं.

शेजाऱ्यावरचा विश्वास

सुरक्षा दलांना खबर लागते आणि खबर गावातूनच येते. त्यामुळे प्रत्येक पकडलेल्या खेपेनंतर गावात एकच प्रश्न फिरतो: कुणी सांगितलं? जमिनीच्या बांधाचा वाद असो की भावकीचं भांडण, शेजाऱ्याचं नाव सांगून देणं हे सूड उगवण्याचं हत्यार होतं. खोटी नावंही दिली जातात. एकदा संशय बसला की पेरणीला बैलजोडी मागणं, रात्री आजारी माणसाला गाडीवर नेणं अशी देवाणघेवाण थांबते.

उलट तस्करीचा म्होरक्या गावात अडीनडीला धावणारा असतो. मुलीच्या लग्नाला पैसे, दवाखान्याचं बिल, पूजेची किंवा मशिदीची वर्गणी, सगळीकडे तोच पुढे असतो. तो व्याज लावत नाही, पण ‘हो’ म्हणायची सवय लावतो. पंचायतीच्या निवडणुकीत त्याचा माणूस उभा राहिला की पडत नाही. याला भीती म्हणावं की उपकार, हे गावातल्यांनाही नेमकं सांगता येत नाही.

आणि वाट एकदा पक्की झाली की तिच्यावरून काय जाईल यावर गावाचा ताबा राहत नाही. हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. रायगड किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला सोनं-चांदी उतरवायची वाट अनेक वर्षं चालत आली होती. होड्या, ओझी उचलणारे, ट्रक आणि पैसे घेऊन डोळे मिटणारे अधिकारी, सगळी साखळी तयार होती. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्याच साखळीवरून आरडीएक्स आणि शस्त्रं उतरली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. ओझी उचलणाऱ्यांतल्या कितीतरी जणांच्या लेखी ती नेहमीसारखीच एक खेप होती.

कडक बंदोबस्ताने न गुंतलेल्यांचं काय होतं

सीमेलगत रात्रीच्या संचारबंदीचे आदेश जिल्हाधिकारी काढतात, पुष्कळदा महिनोन्‌महिने. मच्छीमाराची पहाटेची जाळी त्यात बुडते. जानेवारी २०११ मध्ये कुंपण ओलांडून बांगलादेशात घरी परतणारी १५ वर्षांची मुलगी गोळीने मेली आणि तिचा देह तारांवर लटकत राहिला. ती काही माल नेत नव्हती. त्यानंतर जीव न घेणारी शस्त्रं वापरण्याचं धोरण दोन्ही देशांच्या बोलण्यातून पुढे आलं.

मालावरच्या कारवाईची झळही अशीच बसते. म्यानमारमधून चोरून येणाऱ्या सुपारीवर आसामात धरपकड वाढली, तेव्हा पश्चिम मिझोराममध्ये स्वतःच्या बागेतली सुपारी विकणाऱ्यांचेही ट्रक अडले. सुपारी पाहून ती कुठली हे रस्त्यावरच्या हवालदाराला कळत नाही. उत्पादकाने बाग नावावर असल्याचा कागद आणि स्थानिक अधिकाऱ्याचा मूळ-दाखला सोबत ठेवला तरी तपासणीत दिवस जातात, आणि ओली सुपारी तेवढी थांबत नाही.

एक वाट बंद झाली की मोकळे झालेले हात दुसरीकडे वळतात. बांगलादेशने स्वतःची गुरं वाढवली, इकडे पहारा वाढला, आणि गेल्या दहा वर्षांत गुरांची ने-आण पुष्कळ आटली. ही चांगलीच गोष्ट. पण त्या राखालांना दुसरं काम कुणी दिलं नाही. गाय लपवता येत नाही. सोन्याचं बिस्कीट किंवा बाटल्या लपवता येतात, आणि शिक्षा मात्र कितीतरी जास्त असते.

कायदेशीर व्यापाराची छोटी दारं उघडली तर काय होतं, याचा नमुना ‘बॉर्डर हाट’ आहे. मेघालयात कालाईचरला २०११ मध्ये पहिला सुरू झाला. दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटरच्या आतल्या लोकांना ठरल्या दिवशी भाजी, फळं, कपडे, घरगुती वस्तू तिथे विकता-घेता येऊ लागल्या. खरेदीची मर्यादा सुरुवातीला माणशी ५० डॉलरएवढी होती, ती पुढे वाढवून २०० केली. यातून जड तस्करी थांबत नाही. पण बाजारहाटासाठी चोरवाट धरणाऱ्या बाईला ती धरावी लागत नाही, आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. अडचण अशी की हाट मोजकेच आहेत, आणि कोरोनात ते बंद पडले तेव्हा विक्रेत्यांची रोजी दोन-दोन वर्षं थांबली. नदिया जिल्ह्यात नोव्हेंबर २०२३ पासून सीमा सुरक्षा दलाच्या ३२ व्या बटालियनने कुंपणावर मधमाश्यांच्या पेट्या लावल्या. तार कापायला आलेल्याला माश्या डसतात आणि मध गावकऱ्यांना मिळतो. प्रयोग छोटा आहे, पण गाव आणि जवान यांना एकत्र उभं राहायला त्याने कारण दिलं.

पकडलं गेल्यावर

घरातलं कुणी पकडलं गेलं तर पहिल्या दिवसांत होणाऱ्या चुका पुढे वर्षानुवर्षं भोवतात. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावंच लागतं. अमली पदार्थांच्या कायद्याखाली अंगझडतीआधी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे. हा हक्क सांगितला होता की नाही, हे खटल्यात फार महत्त्वाचं ठरतं. कोठडीतल्या कुणालाही, तसंच कुठल्याही स्त्रीला आणि मुलाला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. लोक मात्र म्होरक्याने पाठवलेला वकील घेतात. तो आधी म्होरक्याला वाचवतो.

मालाचं वजन कसं मोजतात हेही घरच्यांना ठाऊक नसतं. कोडीनची ‘व्यापारी मात्रा’, म्हणजे ज्याच्या वर सर्वांत कडक शिक्षा लागते ते वजन, एक किलो आहे. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मिश्रण असेल तर शुद्ध अमली द्रव्याचं नव्हे, सगळ्या मिश्रणाचं वजन धरतात. म्हणजे १०० मिलिच्या दहा-बारा बाटल्यांवरही व्यापारी मात्रेचा आरोप लागू शकतो. शिक्षा किमान दहा वर्षं, दंड किमान एक लाख, आणि जामीन अतिशय कठीण.

‘पोरगा लहान आहे, सुटेल’ हे वाक्य सीमेवर सर्रास ऐकू येतं, आणि म्हणूनच पोरांना पुढे केलं जातं. अठराच्या आतल्याला बाल न्याय मंडळासमोर नेलं पाहिजे हे खरं. पण किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, मंडळाने प्राथमिक तपासणी केल्यावर, प्रौढासारखा खटला चालू शकतो. वय सिद्ध करायला आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तर पंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. नदीतल्या गाळाच्या बेटावर घरातच जन्मलेल्या, शाळेतून आठवीत गळालेल्या पोराकडे यातलं बहुतेक काहीच नसतं. हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. त्याची किंमत बालसुधारगृहातल्या तीन वर्षांपासून तुरुंगातल्या दहा किंवा त्याहून जास्त वर्षांपर्यंत काहीही असू शकते. म्हणून पोरगा शाळेत यायचा थांबला, तरी मुख्याध्यापकांकडून शाळेचा जन्मतारखेचा दाखला त्याच आठवड्यात काढून घरी जपून ठेवावा.